तीन पिना आणि एक शाफ्ट

मृगाचा पाऊस पडला की पनवेल तालुक्यात नेरे-मालडुंग्याकडे, किंवा उरणमध्ये चिरनेरच्या बाजूला गेलं, तर एक दृश्य हमखास दिसतं. लांबवर टॉवर उभे, अलीकडे पाण्याने भरलेलं खाचर, आणि खाचरात चिखलणी करणारा ट्रॅक्टर. त्याच्या मागे अडकवलेला रोटाव्हेटर चिखल घुसळत असतो. ट्रॅक्टर बांधाशी आला की साडेतीन-चारशे किलोचं ते अवजार सहज वर उचललं जातं, ट्रॅक्टर वळतो आणि अवजार पुन्हा चिखलात उतरतं. हाच ट्रॅक्टर मे महिन्यात पाण्याचा टँकर ओढत होता. दिवाळीच्या सुमारास तो भात झोडायच्या यंत्राला जोडला जाईल.

जरा थांबून पाहिलं की प्रश्न पडायला लागतात. इंजिन पुढे आहे आणि पाती मागे, मग पाती फिरवतं कोण? चाकं थांबली तरी पाती फिरत राहतात, ती कशी? अवजार सारखं वरखाली होत असताना त्याला ताकद पोचवणारा दांडा मोडत कसा नाही? कॅनडातल्या एखाद्या नातेवाइकाने पाठवलेल्या व्हिडिओत ट्रॅक्टरच्या मागचं यंत्र बर्फ उपसून लांब फेकताना दिसतं, त्याचं आणि आपल्या रोटाव्हेटरचं काही नातं आहे का?

नातं आहे, आणि ते अगदी जवळचं आहे. दोन्ही यंत्रं ट्रॅक्टरला एकाच पद्धतीने जोडतात. ही पद्धत एकदा नीट कळली की कुठलंही अवजार कसं जोडायचं आणि कुठे घात होऊ शकतो, हे आपोआप कळतं.

एक जोडणी वजनाची, दुसरी ताकदीची

ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये दोन अगदी वेगळ्या जोडण्या असतात. पहिली अवजाराला धरून ठेवते, उचलते आणि खेचते. तिच्यात तीन हात असतात, म्हणून तिला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. दुसरी जोडणी वजन अजिबात पेलत नाही. ती फक्त इंजिनाचं फिरणं मागे पोचवते. तो पीटीओ शाफ्ट.

नांगराला पहिली जोडणी पुरते, कारण नांगर नुसता ओढायचा असतो. रोटाव्हेटर, भात झोडायचं यंत्र, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत औषध फवारणारा ब्लोअर, बर्फ उडवणारं यंत्र, या सगळ्यांना शाफ्ट लागतो. जोडताना लोकांचं लक्ष असतं पहिल्या जोडणीवर, कारण ती जड असते आणि डोळ्यांना दिसते. पैशाचं नुकसान आणि जिवावरचे अपघात मात्र बहुतेक दुसरीपाशी होतात.

तीनच हात का?

तीन दगडांची चूल आठवा. जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन दगडांवर ठेवलेलं भांडं डुगडुगत नाही, आणि एक दगड थोडा वर-खाली केला की भांडं हवं तसं कलतं. ट्रॅक्टरच्या मागचे तीन हात हेच काम करतात. खालचे दोन हात हायड्रोलिक लिफ्टला जोडलेले असतात. लिव्हर ओढला की ते उचलले जातात. वरचा तिसरा हात म्हणजे टॉप लिंक. तिच्या दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असतात. मधली नळी फिरवली की तिची लांबी कमी-जास्त होते. ती आखूड केली की अवजाराची मागची बाजू उचलली जाते, लांब केली की खाली बसते. म्हणजे उंची खालच्या दोन हातांनी ठरते आणि कल वरच्या हाताने.

ही कल्पना आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची, आणि त्यांनी तिचं पेटंट घेतलं १९२६ साली. त्याआधी नांगर साखळीने किंवा हुकने ट्रॅक्टरला बांधत. नांगर मुळात किंवा दगडात अडकला की चाकं फिरतच राहत, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि तो मागे उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसन यांच्या रचनेत अडकलेला नांगर पुढे कलायला बघतो, टॉप लिंकवर रेटा देतो, आणि त्या रेट्याने ट्रॅक्टरचं तोंड उचललं न जाता खाली दाबलं जातं. ज्या धक्क्याने पूर्वी माणूस मरत असे, तोच धक्का ट्रॅक्टरला जमिनीवर घट्ट बसवू लागला. शेतीच्या यंत्रांमध्ये इतकी साधी आणि इतकी मोलाची सुधारणा मला तरी दुसरी आठवत नाही. १९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. पुढच्याच वर्षी ही रचना घेऊन फोर्डचा ९एन ट्रॅक्टर बाजारात आला, आणि पुढे जगभर हीच पद्धत रूढ झाली.

पिनांची मापंही जगभर ठरलेली आहेत. लहान-मध्यम ट्रॅक्टरच्या कॅटेगरी एकमध्ये खालच्या पिना सुमारे २२ मिलिमीटर जाड असतात आणि वरची १९. मोठ्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी दोनमध्ये खालच्या सुमारे २८ आणि वरची २५. अवजार विकत घेताना पहिली चौकशी याचीच करावी. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम भागवलं, तर भोक अंडाकृती होतं आणि अवजार कायमचं खडखडायला लागतं.

आधी डावा, मग उजवा

अवजार सपाट, कडक जागी उभं असावं. ट्रॅक्टर अगदी हळू मागे घ्यायचा, खालच्या हातांची भोकं अवजाराच्या पिनांसमोर येईपर्यंत. तो मागे येत असताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही, "आणखी थोडा, आणखी थोडा" असं सांगायलासुद्धा नाही. क्लचवरून पाय घसरला तर पळायला जागा नसते. सांगणाऱ्याने बाजूला, चालकाला दिसेल असं उभं राहावं.

नंतर गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. आधी डावा हात बसवायचा. कारण साधं आहे: बहुतेक ट्रॅक्टरवर डाव्या हाताची उंची ठरलेली असते, आणि उजव्याला वर-खाली करायला हँडल असतं. डावा बसला की उजवा हँडल फिरवून पिनेच्या बरोबर समोर आणता येतो. उलट क्रमाने गेलं तर पहारीने चारशे किलो हलवत बसावं लागतं. दोन्ही खालचे हात बसले की टॉप लिंक. प्रत्येक पिनेला, ती निसटू नये म्हणून, लिंच पिन हवीच. तिच्या जागी तार पिळून ठेवलेली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. चिखलातल्या हादऱ्यांनी ती तुटते आणि पिन सरकत सरकत बाहेर येते.

आता अवजार थोडं उचलून मागून बघायचं. डावं-उजवं एका पातळीत नसेल तर तेच हँडल फिरवायचं. खालच्या हातांना दोन्ही बाजूंनी चेक चेन असतात, त्या आवळून रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या बरोबर मध्ये आणायचा. नांगराला बाजूला थोडं हलायला मोकळीक लागते. रोटाव्हेटरला ती नको, कारण तो झोकांड्या खाऊन मागच्या चाकाला किंवा चिखलासाठी लावलेल्या लोखंडी केज व्हीलला घासतो.

रोटाव्हेटरची रुंदीही ट्रॅक्टरला शोभेलशी हवी. ढोबळ हिशोब फुटाला सात-आठ अश्वशक्तीचा. पाच फुटी रोटाव्हेटरला चाळिशीच्या आतला ट्रॅक्टर चालतो. महिंद्रच्या युवराज २१५ सारख्या १५ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरला पाच फुटी जोडला तर इंजिन घुसमटतं. शिवाय मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात. अवजार उचलल्यावर स्टिअरिंग अचानक फार हलकं लागलं, तर पुढे वजनं लावल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

चाकं थांबतात, पाती फिरतात

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीतून बाहेर आलेला, सहा खाचांचा, सुमारे ३५ मिलिमीटर जाडीचा आखूड दांडा. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये दोन वाटांनी फुटते. एक वाट चाकांकडे जाते, दुसरी या दांड्याकडे. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकांची वाट तुटते, पूर्ण दाबलं की पीटीओचीही. चाकं थांबूनही पाती फिरत राहतात, ती यामुळे. सिंगल क्लच असेल तर एक दाबताच दोन्ही थांबतात.

इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीने १९१८ साली आपल्या ८-१६ ट्रॅक्टरवर हा दांडा द्यायला सुरुवात केली. १९२७ साली अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने त्याचा वेग आणि माप ठरवून दिलं, आणि पुढे मिनिटाला ५४० फेरे हा आकडा जगभर गेला. याच कंपनीचा मुंबईशीही संबंध आला. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि कांदिवलीत ट्रॅक्टर तयार होऊ लागले.

रोटाव्हेटरवरच्या गिअरबॉक्समध्ये हे ५४० फेरे कमी होतात आणि फिरण्याची दिशा काटकोनात वळते. मग कडेच्या गिअरमधून किंवा साखळीतून ताकद पात्यांच्या आसापर्यंत पोचते. तिथे फेरे साधारण दोनशेच्या आसपास राहतात. ऑस्ट्रेलियात गिलगँड्रा गावी आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ साली याचे प्रयोग सुरू केले. त्यांची पहिली पाती माती बाजूला उधळत. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं पातं केल्यावर माती जागच्या जागी फुटायला लागली. पाती बदलताना म्हणूनच डावी-उजवी नीट बघावी, आणि धारेची कड आधी जमिनीला लागेल अशीच बसवावी. उलटी बसवलेली पाती पाठीने माती बडवतात. डिझेल जळतं आणि चिखल होत नाही.

वाकणारा सांधा आणि डगमगणारा वेग

ट्रॅक्टरचा पीटीओ आणि अवजाराचा गिअरबॉक्स एका रेषेत कधीच नसतात. शिवाय अवजार वर-खाली होतं. त्यामुळे मधल्या शाफ्टला वाकताही आलं पाहिजे आणि लांब-आखूडही होता आलं पाहिजे. वाकण्यासाठी दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात: दोन दुबेळकी योक आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा क्रॉस. लांब-आखूड होण्यासाठी शाफ्टचे दोन तुकडे एकात एक सरकतात.

या सांध्यात एक गोम आहे, आणि ती माहीत नसल्याने बरेच गिअरबॉक्स गेले आहेत. सांधा वाकलेला असताना पुढचा दांडा एकसारख्या वेगाने फिरला, तरी मागचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होतो. वाक १५ अंशांचा असेल तर ५४० चा वेग ५२२ ते ५५९ यांच्या दरम्यान हलतो. वाक ३० अंश झाला तर ४६८ ते ६२४! म्हणजे दर सेकंदाला अठरा वेळा शाफ्टला पीळ बसतो आणि सुटतो.

उपाय त्याच शाफ्टमध्ये आहे. दुसरा सांधा पहिल्याइतकाच वाकलेला असेल, तर पहिल्याने केलेली गडबड तो निस्तरतो आणि गिअरबॉक्सला पुन्हा एकसारखा वेग मिळतो. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, कामाच्या उंचीवर अवजाराचा इनपुट दांडा पीटीओला समांतर हवा. हे टॉप लिंकच्या लांबीने जमवायचं. दोन, शाफ्टच्या मधल्या दोन्ही योकच्या बेळक्या एका रेषेत हव्यात. चौकोनी नळीचा शाफ्ट घाईत काटकोनात फिरवून घालता येतो. तसा घातला की दुसरा सांधा गडबड निस्तरत नाही, दुप्पट करतो. "नवीनच क्रॉस टाकला होता, महिन्यात गेला" ही तक्रार आली की आधी योक बघावेत.

बांधाशी वळताना अवजार पाती सुटतील एवढंच उचलावं. पार वर उचलायचं असेल तर आधी पीटीओ बंद.

शाफ्ट कापताना

नवा शाफ्ट बहुधा गरजेपेक्षा लांब येतो, कारण तो अनेक ट्रॅक्टरांना चालावा लागतो. तसाच बसवला तर अवजार उचलताना एका जागी नळी तळाला टेकते आणि पुढे सरकायला वाव राहत नाही. मग लिफ्टचा सगळा जोर एकीकडे पीटीओच्या बेअरिंगवर, दुसरीकडे गिअरबॉक्सच्या कव्हरवर जातो. फार आखूड कापला तर उलटं: अवजार खाली गेलं की दोन नळ्या जेमतेम अडकलेल्या राहतात आणि फिरता फिरता सुटू शकतात.

म्हणून शाफ्टचे दोन्ही अर्धे वेगवेगळे बसवायचे, एक पीटीओवर आणि एक अवजारावर. मग अवजार हळूहळू वर-खाली करून दोन्ही टोकं सगळ्यात जवळ कुठे येतात ते शोधायचं. त्या जागी इंजिन बंद करायचं, अवजाराखाली लाकडी ठोकळे द्यायचे, दोन्ही अर्धे एकमेकांशेजारी धरायचे आणि खूण करायची. आतली नळी तळाला टेकण्याआधी दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळे राहावेत, आणि अवजार सगळ्यात लांब असताना दोन नळ्या एकमेकींत किमान पंधरा सेंटिमीटर राहाव्यात. जेवढं कापायचं तेवढंच चारही नळ्यांमधून: आतली, बाहेरची आणि त्यांच्यावरच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही. कापलेल्या कडा कानशीने घासायच्या, लोखंडाचा कीस पुसून काढायचा, मग ग्रीस.

शेवटी योक पीटीओवर सरकवायचा. त्याच्या अंगात एक स्प्रिंगची पिन असते. ती दांड्यावरच्या गोल खाचेत पडली की खट् असा आवाज येतो. आवाजावर विसंबू नये. योक दोन्ही हातांनी मागे ओढून बघावा.

> चौकट : चालू करण्याआधी
> गिअरबॉक्समध्ये ऑइल आहे का? काही नवी यंत्रं कोरडीच येतात.
> तिन्ही पिनांना लिंच पिना, आणि शाफ्टची पिन खाचेत.
> शाफ्टच्या प्लॅस्टिक कव्हरच्या साखळ्या अडकवलेल्या. शाफ्ट फिरला तरी कव्हर फिरता कामा नये.
> इंजिन सावकाश ठेवून पीटीओ लावावा, मग डायलवरच्या ५४० च्या खुणेपर्यंत वेग वाढवावा.

सेकंदाला नऊ फेरे

५४० फेरे मिनिटाला, म्हणजे सेकंदाला नऊ. पाच-सहा सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टवर एका सेकंदात सुमारे दीड मीटर कापड गुंडाळलं जातं. पदराचं टोक, पंचा, ओढणी, सुटलेली बाही, काहीही एकदा अडकलं की "बंद कर" हा शब्द तोंडातून निघेपर्यंत माणूस शाफ्टपर्यंत खेचला गेलेला असतो. आवणीच्या दिवसांत खाचरात बायका आणि मुलंही असतात. प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं म्हणून काढून टाकणं ही आपल्याकडची सवय फार महाग पडते. नव्या कव्हरची किंमत शाफ्टच्या मानाने किरकोळ असते. आणि फिरणाऱ्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जाणं कितीही सोयीचं वाटलं, तरी ट्रॅक्टरला वळसा घालूनच जावं.

मुद्दाम कमकुवत ठेवलेला बोल्ट

पाती दगडावर बसली, तर पन्नास अश्वशक्तीचा जोर कुठेतरी जाणारच. तो कुठे जावा हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. शाफ्टवर किंवा यंत्राच्या आसावर एक शेअर बोल्ट असतो. ठरावीक जोराच्या वर तो तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. काही शाफ्टवर त्याच्या जागी घसरणारा क्लच असतो. शेअर बोल्ट तुटला की जवळचा "भारी" बोल्ट घालण्याचा मोह होतो. भारी बोल्ट तुटत नाही, आणि मग पुढचा दगड लागला की गिअरचे दात तुटतात.

नवी मुंबईच्या कडेच्या खाचरांत हे जास्त जपावं लागतं. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने या भागात जमिनीवर भराव केला. इमारती वाढल्या तसं डेब्रिजही वाढलं, आणि रस्त्यालगतच्या शेतात विटांचे तुकडे, सळ्या, दोऱ्या सापडतात. दगड निदान आवाज करतो. नायलॉनची दोरी आवाज न करता पात्यांच्या आसाला टोकाशी गुंडाळली जाते, घासून तापते, ऑइल सील कापते. ऑइल चिखलात जातं, चिखलाचं पाणी बेअरिंगमध्ये येतं. म्हणून रोजचं काम संपलं की इंजिन बंद करून, किल्ली काढून, आसाची दोन्ही टोकं सुरीने मोकळी करावीत.

तेच तीन हात, बर्फात

आता तो कॅनडातला व्हिडिओ. तिथल्या ट्रॅक्टरच्या मागे तेच तीन हात, त्याच कॅटेगरी एकच्या पिना, तोच सहा खाचांचा ५४० चा दांडा. महिंद्रचे ट्रॅक्टर अमेरिकेत १९९४ पासून विकले जातात, आणि त्यांच्या मागेही हीच यंत्रं लागतात. बर्फ उडवणाऱ्या यंत्राच्या तोंडात आडवा मळसूत्री आस बर्फ दोन्ही बाजूंनी मध्ये ओढतो, मध्यातला पंखा तो वरच्या वळणदार नळकांड्यातून लांब फेकतो. मळसूत्राच्या दोन्ही अर्ध्यांना शेअर बोल्ट असतात, कारण बर्फाखाली दगड किंवा गोठलेला ओंडका असू शकतो. तळाला दोन्ही कडांना स्किड असतात. खडीच्या रस्त्यावर ते थोडे खाली सोडतात, म्हणजे यंत्र वर राहतं आणि खडी उडत नाही. रोटाव्हेटरच्या कडेचे स्किड खोली ठरवतात, तसंच हे.

फरक एकच, पण जोडणाऱ्याला घाम फोडणारा. बर्फ चाकांखाली दाबला जाण्याआधी काढायचा, म्हणून मागे लावलेल्या यंत्राने ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो, मान वळवून. ते टाळायला काही यंत्रं पुढे लावतात. तेव्हा मागचा पीटीओ कामाचा राहत नाही. छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली एक वेगळा पीटीओ असतो, बहुधा मिनिटाला दोन हजार फेऱ्यांचा. त्याला शाफ्ट जोडून तो पुढच्या यंत्रापर्यंत न्यावा लागतो, आणि यंत्र पेलायला ट्रॅक्टरखाली वेगळी चौकट बसवावी लागते. हे काम हिवाळ्याआधी उरकून घेतात.

सोडताना

अवजार सोडताना क्रम उलटा. ते स्टँडवर किंवा ठोकळ्यांवर सपाट टेकवायचं, इंजिन बंद, पीटीओ सोडवलेला. आधी शाफ्ट काढायचा, मग टॉप लिंक, मग उजवा हात, शेवटी डावा. शाफ्ट जमिनीवर टाकून द्यायचा नाही, यंत्रावरच्या हुकात टांगायचा. पनवेल-उरणच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. चिखलणीनंतर गोड्या पाण्याने धुवून, वाळवून, शाफ्टचे दोन्ही तुकडे वेगळे करून पुसावेत आणि सरकत्या नळीला ग्रीस लावावं. त्या नळ्या गंजून एकमेकींत अडकल्या, तर पुढच्या जूनमध्ये बरोबर मापाने कापलेला शाफ्टही लांब-आखूड होत नाही, आणि पहिल्याच उचलीला सगळा जोर थेट पीटीओच्या बेअरिंगवर येतो.